पालथी ताटं

त्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. दाराबाहेर चपला ओळीत लावायच्या, पायपुसण्यावर पाय दोनदा घासायचे आणि मग आत जायचं. आत देव नव्हता. आत संगणक होता. एका कंपनीला जुना झाला म्हणून नाशिक रोडच्या आमच्या शाळेला तो देणगीत मिळाला होता. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, शेजारी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. शिवणाच्या बाईंनी त्याला मरून मखमलीचं, सोनेरी झालरीचं कव्हर शिवलं होतं. तास सुरू झाला की सर आधी उदबत्ती लावत, मग कव्हर काढून त्याची नीट घडी घालत. पस्तीस मिनिटांतली दहा मिनिटं अशी भक्तीत जात. उरलेल्या पंचवीस मिनिटांचा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता.

“मुली वाचतील, मुलं टाइप करतील.”

कारणही दिलं. “मुलींचा उच्चार स्वच्छ असतो आणि मुलांचा हात चालतो.”

मी नववीत होते. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. हा नियम ऐकून वर्गातल्या एकाही मुलीने तोंड उघडलं नाही. मीही नाही. त्याचा मला आज दहा वर्षांनीही राग येतो, आणि सगळ्यात जास्त माझाच येतो, कारण मी तर तोंड उघडायलाच हवं होतं. माझे बाबा अंबडच्या एका कारखान्यात कामाला होते आणि तिथल्या कामगार संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, माळ्यावर, पिंपामागे, सगळीकडे. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. ताटाखाली पत्रक. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ बघ’च्या आधी वाचता यायला लागले. अशा घरातली मुलगी त्या खोलीत पाय पुसून गेली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

माझ्याबरोबर वाचायला असायची ती माझी मैत्रीण. ती हरसूलकडच्या एका आदिवासी पाड्यावरची, मुलींच्या वसतिगृहात राहायची. आईवडील भात लावून झाला की दुसरीकडे मजुरीला जात, म्हणून तिला आठवीत इकडे आणून ठेवलं होतं. वर्गात ती बोलायची नाही. एकदा ‘नाय’ म्हणाली तर सगळा वर्ग हसला होता, तेव्हापासून तिने उत्तरं द्यायचंच सोडलं. सरांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला.

“काय गं राणीसरकार,” ते म्हणायचे, “डोंगरातून खाली उतरताना डोकं वरच राहिलं का? काही म्हणजे काही राहत नाही यांच्या डोक्यात.”

‘यांच्या.’ एका मुलीशी बोलताना अनेकवचन. मला ते तेव्हाही कळलं होतं.

त्या डोक्यात काय राहतं ते मी वसतिगृहात पाहिलं. एका रविवारी मी तिच्याकडे गेले होते. जेवणाच्या खोलीत साठ मुलींची साठ ताटं घासून जमिनीवर पालथी घातलेली. सगळी स्टीलची, सगळी एकसारखी. मुली येत, आपलं ताट शोधायला चार-चार उलटी करत आणि भांडत. ती भिंतीला टेकून सांगत होती.

“तुझं तिसऱ्या वळीत. खिडकीकडून पाचवं. ए, ते नको उचलू, ते धाकलीचं हाय.”

“तुला कसं कळतं?” मी विचारलं.

“ठेवताना पाहिलं का मी.”

एवढंच. ठेवताना पाहिलं होतं.

सरांनी दिवाळीआधी सांगितलं, जानेवारीच्या विज्ञान प्रदर्शनात संगणकावर काहीतरी दाखवायचंय, प्रत्येकाने वहीत प्रोग्राम लिहून आणा. मी पालथी ताटं लिहून आणली. पडद्यावर सोळा चौकोन, चार रांगा, प्रत्येकाला नंबर. प्रत्येक चौकोनाखाली एक अक्षर लपलेलं आणि प्रत्येक अक्षर दोनदा. खेळणाऱ्याने दोन नंबर सांगायचे, ते दोन चौकोन उघडणार. अक्षरं जुळली तर उघडेच राहणार, नाही जुळली तर पुन्हा पालथे. कुठे काय होतं ते लक्षात ठेवायचं, बस्स. दहापासून सातशेचाळीसपर्यंत, दहा-दहाच्या अंतराने चौऱ्याहत्तर ओळी. मी त्या दोन आठवडे कागदावर खोडत, मांडत लिहिल्या. मला एकच हवं होतं. प्रदर्शनात, सगळ्यांसमोर, सरांसमोर, ती त्या खुर्चीत बसेल आणि सोळाच्या सोळा ताटं उलटी करेल. मग बघू डोक्यात काय राहतं आणि काय नाही.

सरांनी वही तपासली, लाल पेनाने ‘छान’ लिहून सही केली आणि माझाच प्रोग्राम निवडला. टाइप करायला वर्गातला एक मुलगा नेमला. तो वाईट नव्हता. त्याला कशाचंच काही नव्हतं.

“काय केलंस आता?” मी एकदा त्याला विचारलं.

“मला काय माहीत? तुम्ही बोलता, मी दाबतो.”

काम कसं चालायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या यंत्राला स्वतःची आठवण नव्हती. बटण बंद केलं की लिहिलेलं सगळं गेलं. टिकवायचं असेल तर ते टेपवर, आपल्या गाण्याच्याच कॅसेटवर, साठवायचं. पुढच्या वेळी कॅसेट वाजवली की टेपमधला किर्र आवाज ऐकत ऐकत यंत्र प्रोग्राम परत आत घेणार. पण चारदा लावली तर तीनदा घ्यायचंच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. ती उभी राहून वहीतून मोठ्याने वाचायची, मुलगा टाइप करायचा, मी चुका शोधायचे. “चाळीस. फॉर आय इक्वल टू वन टू सिक्स्टीन. पन्नास...” आठवड्यातून दोन तास, तीन महिने. त्या ओळींना तिने एक चाल लावली होती, दळताना म्हणतात तशी. एरवी वर्गात न बोलणारी मुलगी तिथे पंचवीस-पंचवीस मिनिटं खणखणीत बोलायची आणि कोणी हसायचं नाही, कारण ते इंग्रजी होतं आणि इंग्रजी कोणालाच येत नव्हतं.

डिसेंबरात एक दिवस यंत्र सुरू झालं, कॅसेटवरून प्रोग्राम आला, सोळा चौकोन दिसले, आणि ती पहिला चौकोन उघडायच्या आत म्हणाली, “तीन नि अकरा.”

मुलाने दाबलं. जुळलं.

“सात नि चौदा. एक नि सहा.”

जुळलं, जुळलं. तिने आठही जोड्या एकही चूक न करता सांगितल्या. मला वाटलं, चमत्कार. ती म्हणाली, “मंगळवारीबी असंच होतं. बटण चालू केलं का पहिला डाव तोच येतो. दुसऱ्या डावाला बदलतो.”

ती बरोबर होती. यंत्र ताटं आपल्या मनाने मांडतंय असं दाखवत होतं, पण सुरू केल्यावर पहिली मांडणी दर वेळी तीच. इतके दिवस आम्ही सगळे तो पडदा पाहत होतो. दिसलं एकटीला.

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, “यंत्र चुकत नाही.” मग तिच्याकडे वळून, “तुला पाठ कसं आलं? दाखव हात. हातावर लिहून आणलंस का?”

तिने दोन्ही हात पुढे केले. तळवे, मग पालथे. त्यांनी खरंच निरखून पाहिले. लक्षात ठेवायच्या खेळात लक्षात ठेवलं म्हणून त्यांनी तिला चोर ठरवलं. हे मी आज लिहितेय तरी माझे कान तापतात.

उपाय आम्ही दोघींनीच शोधला. खेळणारा पहिलं बटण दाबेपर्यंत यंत्राला उगाच आकडे काढत बसवायचं. कोण किती वेळ थांबेल याचा नेम नाही, म्हणून मांडणी दर वेळी वेगळी. एकच ओळ लागत होती, वीस आणि तीसच्या मध्ये. पंचवीस. पण वही सरांनी सही करून तपासलेली होती आणि तपासलेल्या वहीत खाडाखोड करायची नाही हा शाळेचा नियम. सर म्हणाले, “आहे ते राहू दे.” म्हणून ओळ पंचवीस कुठेच लिहिली गेली नाही. ती वाचताना वीसनंतर जराही न थांबता पंचवीस म्हणायची, मुलगा दाबायचा, सरांना पत्ताही नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही दोघी नऊलाच खोलीत गेलो. पाहुणे अकराला येणार होते. संस्थेतले कोणीतरी मोठे. सर त्यांना आणायला स्टेशनवर गेलेले. वही सरांच्या कपाटात, किल्ली सरांच्या खिशात. टाइप करणारा मुलगा फेटा बांधून मैदानात लेझीम खेळत होता. त्यात कॅसेटही टेपरेकॉर्डरमध्ये नव्हती. तेवढ्यात गाण्याच्या बाई ती हातात घेऊन आल्या.

“ठेवा गं जागेवर. काल घेतली होती. पाहुण्यांसमोर पोरींचा आवाज फुटतो, म्हणून स्वागतगीत आधीच टेप करून ठेवलं, पेटीच्या साथीने. पाहुणे इथेच येणार, टेपही इथेच. आता नीट होईल.”

“बाई, पण त्यावर...”

“वाजवून बघितली की मी! नुसतं किर्र किर्र. खराब झालेली. म्हटलं वाया जाण्यापेक्षा वापरून टाकू.”

बाई समाधानाने गेल्या. त्यांच्यावर मी कधी रागावू शकले नाही. ज्या शाळेत गाण्याच्या बाईंना त्या खोलीत काय चालतं हे कोणी कधी सांगितलंच नाही, त्या शाळेवर रागावले.

चौऱ्याहत्तर ओळी. मी लिहिल्या होत्या, पण मला त्यांतल्या वीसही सलग आठवेनात. मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर लेझीम बघत होती.

“तुला येतं ना सगळं?” मी म्हटलं.

“येतं. सगळं.”

मी झटकन जाऊन खुर्चीत बसले. “चल. तू सांग, मी टाकते.”

मी बोटं बटणांवर ठेवून वाट बघत होते. शेवटी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“ऊठ.”

“अगं, वेळ नाहीये!”

“सारखं मीच वाचायचं का? तुझ्यासाठीबी?”

मी उठले. त्या क्षणाची लाज मी अजून बाळगून आहे. समतेची पत्रकं वाचत मोठी झालेली मी, आणि खुर्ची रिकामी दिसताच पहिली धाव माझीच. तिच्या डोक्यातलं मला हवं होतं. तिचे हात मला दिसलेच नव्हते.

ती बसली. एकेक अक्षर शोधत, दोन बोटांनी, ओठांत चाल पुटपुटत. दहा. वीस. पंचवीस. तीस. मी नुसती उभी. एकदा मध्येच थांबली, डोळे मिटले, पुन्हा सुरू. तासाभराने सातशेचाळीस. चालवलं तर यंत्राने एकशेचाळीसवर चूक दाखवली. तिने बघितलं, कंस राहिला होता, टाकला. पुन्हा चालवलं. सोळा चौकोन. एक बटण दाबलं, ताटं मांडली गेली. कधीच न पाहिलेली मांडणी. साठवायला कोरी कॅसेट नव्हती, म्हणून पाहुणे येईपर्यंत यंत्र चालूच ठेवायचं ठरलं.

“खेळ,” ती म्हणाली.

मी खेळले आणि सपाटून हरले. ती मोठ्याने हसली. त्या खोलीत तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मग मैदानात हलगीचा जोर वाढला आणि दारात सर आले, घामाघूम, हातात हळदीकुंकवाचं तबक.

“ऊठ ऊठ! खुर्चीत काय बसलीस? पाहुणे आले!” असं म्हणत त्यांनी टीव्हीला कुंकू लावलं, कीबोर्डला लावलं, आणि त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

“सर, बंद करू नका!”

“अगं, बंद नको तर काय? साहेबांच्या हस्ते सुरू करायचंय. चालू यंत्राचं उद्घाटन कसं करणार?”

“सर, त्यात प्रोग्राम आहे!”

“कॅसेटमध्ये आहे ना? मग?”

खट्. पडद्यावरची सोळा ताटं मध्ये आक्रसून एक पांढरा ठिपका झाली आणि तोही गेला.

मी सांगत होते, कॅसेटवर गाणं आहे, सर, कॅसेटवर गाणं आहे. कोणी ऐकत नव्हतं. पाहुणे चपला काढून आत आले. हार झाला. नारळ झाला. त्यांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक चौकोन लुकलुकायला लागला. टाळ्या! सरांनी कॅसेट घातली, टेप सुरू केला. मिनिट गेलं, दोन गेली. लुकलुक. वायर जोडलेली असली की टेपचा आवाज बाहेर येत नसे. सरांनी घाबरून ती उपसली आणि बारा मुलींचा आवाज पेटीसकट खोलीत घुमला. पाहुण्यांचं स्वागत, आपला आनंद, फुलांच्या माळा.

पाहुणे आ वासून टीव्हीकडे बघत राहिले. “वा! संगणक स्वागतगीत म्हणतो! मराठीत!”

आता सर काहीतरी सांगतील, असं मला वाटलं. सर हसले. “मुलांनी खूप कष्ट घेतले, साहेब,” म्हणाले, आणि दारात फेटा बांधून उभ्या असलेल्या त्या मुलाला दंडाला धरून पुढे ओढलं. “हा आमचा प्रोग्रामर.” मुलाने आमच्याकडे बघितलं, मग खाली. पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. भाषणातही गाणारा संगणक आला. शाळेच्या अहवालातही आला. ते पान माझ्याकडे अजून आहे. फेकायचं नाही, असं मी ठरवलंय.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. वर ‘जाहीर निषेध!’, खाली दोन पानं. आदिवासी मुलीची उपेक्षा, बुद्धीचा अपमान, ढोंगी विज्ञान, सगळं होतं. बाबांनी लाल पेन्सिल कानावरून काढली, वाचलं आणि एकही खूण न करता परत दिलं.

“भाषा बरी आहे. तुझ्या मैत्रिणीबद्दल आहे ना? तिने वाचलंय का?”

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळा सकाळची होती. तिने पत्रक शाळेच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत वाचलं.

“यात सगळं माझ्या डोक्याचंच हाय,” ती म्हणाली. “तू हे वाटशील नि घरी जाशील. मला वसतिगृहात ऱ्हायचंय, रेक्टरबाईंच्या पुढ्यात.”

“मग गप्प बसायचं का?”

“गप्प कोण बस म्हणतंय? मला सोमवारी ती खुर्ची पायजे. तेवढं लिही.”

मी दोन पानं फाडली. फाडताना वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. चांगली वाक्यं होती. मग एका ओळीचा अर्ज लिहिला: सोमवारपासून संगणकाच्या तासाला मुली टाइप करतील व मुलं वाचतील. खाली पहिली सही तिची, मग माझी, मग वर्गातल्या सगळ्या मुलींच्या. बाबांनी शिकवल्याप्रमाणे दोन प्रती केल्या, एक कार्यालयात दिली आणि दुसरीवर पोच मागितली. कारकुनाने न वाचता गोल शिक्का मारला.

सोमवारी तिने पाय पुसले, आत गेली आणि खुर्चीत बसली. टाइप करणारा मुलगा मागे उभा राहिला. कोणी न सांगता.

“हे काय चाललंय?” सर उदबत्ती हातात धरून म्हणाले. “कुणाच्या परवानगीने?”

मी दुसरी प्रत पुढे धरली. शिक्का अर्ज मिळाल्याचा होता, मंजुरीचा नव्हता. मला ते माहीत होतं. सरांनी मजकूर वाचलाच नाही, जांभळा गोल तेवढा पाहिला, आणि मखमलीच्या कव्हरची घडी घालताना असायचा तसाच त्यांचा चेहरा झाला. त्यांनी कपाट उघडलं, माझी वही काढून मुलाच्या हातात दिली.

“वाच,” ती त्याला म्हणाली.

“दहा,” त्याने सुरुवात केली. अडखळत होता, कोणी हसलं नाही. “वीस.” तिची दोन बोटं चालत होती. “तीस...”

“थांब.” ती स्वतःशीच ती ओळ म्हणत टाइप करायला लागली.

सर पुढे वाकले. “पंचवीस? वहीत नाही ती.”

“म्हाईत हाय, सर,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.